स्टिअरिंगमागे लावलेला डिस्प्ले: आठ महिने वापरल्यावर

माझ्या इलेक्ट्रिक गाडीत चालकाच्या समोर काहीच नाही. वेग, गिअर, इंडिकेटर, बॅटरी, सगळं डॅशबोर्डच्या मधोमध एकाच मोठ्या स्क्रीनवर. टेस्लाची मॉडेल ३ २०१७ मध्ये याच मांडणीने आली, पुढे २०२३ मध्ये व्होल्वोने ईएक्स३० दाखवली तीही तशीच. माझी गाडी त्याच पठडीतली आहे आणि ती मला मनापासून आवडते. पण वेग बघायचा तर नजर दरवेळी बाजूला न्यावी लागते. ताशी ८० किमी वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते, एवढा हिशेब मला स्टिअरिंगमागे वेगळा छोटा डिस्प्ले लावायला पुरेसा होता.

खरं कारण मात्र बाबा. गाडी आम्ही दोघं चालवतो. बाबांचा चष्मा दुभिंगी आहे. दूरचा रस्ता बघून लगेच हाताच्या अंतरावरची स्क्रीन वाचायची म्हणजे त्यांना मान थोडी वर करून भिंगाचा खालचा भाग शोधावा लागायचा. उतारवयात डोळ्याचं भिंग लवचीक राहत नाही, लांबून जवळ येताना नजर स्थिर व्हायला वेळ लागतो. म्हणून मी डिस्प्ले स्टिअरिंगच्या खांबाला न जोडता डॅशबोर्डवर, काचेच्या जितका जवळ जाईल तितका पुढे लावला. बाबा पहिल्याच दिवशी म्हणाले, "आता आकडा दिसतो, शोधावा लागत नाही." या अनुभवातलं सर्वात मोलाचं वाक्य तेच. घेणाऱ्याने स्क्रीनच्या इंचांपेक्षा जागेचा विचार आधी करावा. आणि सीट व स्टिअरिंग आपल्या उंचीला लावून बघावं. माझ्यासाठी चाकाच्या वरच्या कडेखालून अख्खा डिस्प्ले दिसतो, बाबांना सीट दोन बोटं वर घ्यावी लागली. काही गाड्यांत चालकाच्या डोळ्यांवर लक्ष ठेवणारा कॅमेरा स्टिअरिंगपाशी असतो. तो झाकला जाता कामा नये, आणि एअरबॅगच्या वाटेत तर काहीच येता कामा नये.

आता जोडणीबद्दल थोडं सविस्तर, कारण खरी काळजी इथेच घ्यावी लागते. गाडीतले निरनिराळे कंट्रोलर, म्हणजे छोटे संगणक, एकमेकांशी कॅन बस नावाच्या तारांवर बोलतात. पीळ दिलेल्या दोन तारा, आणि त्यांच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोध (रेझिस्टर). गाडी पूर्ण झोपलेली, म्हणजे सगळे कंट्रोलर बंद असताना त्या दोन तारांमध्ये मल्टीमीटर लावला तर साधारण ६० ओहम दिसायला हवेत, कारण दोन्ही रोध समांतर आहेत. मी डिस्प्लेचा डबा गाडीला जोडण्याआधी त्याच्याच दोन पिनांमध्ये मोजून पाहिलं, तर तिथे १२० ओहम! म्हणजे डब्यात तिसरा रोध चालू होता. तसाच जोडला असता तर बसवर ४० ओहम झाले असते. अशी बस कधी नीट चालते, कधी मधूनच चुकते, आणि तो दोष शोधून काढणं महाकठीण. डबा उघडून आतला छोटा जंपर, म्हणजे तो रोध जोडणारा तुकडा, काढला आणि मगच पुढे गेले. सोबतच्या कागदावर याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता, याचा मला आजही राग येतो. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या कंट्रोलरांशी नातं असलेल्या तारांवर काही विकायचं असेल तर एवढं लिहायलाच हवं.

दुसरी गोष्ट, डिस्प्ले नुसता ऐकणारा हवा. गाडी स्वतःहून वेग, गिअर, मोटरची शक्ती सेकंदाला कित्येकदा बसवर टाकतच असते. ते संदेश वाचले की काम झालं. ओबीडीच्या, म्हणजे गाडीची तपासणी करायच्या सॉकेटमध्ये लावायची स्वस्त यंत्रं बहुधा उलट पद्धतीने चालतात, ती कंट्रोलरला सतत प्रश्न विचारतात. ओबीडीची ठरलेली माहिती मुळात धुराच्या नियमांसाठी बांधलेली, त्यामुळे इलेक्ट्रिक गाडीत तिथून उपयोगाचं फारसं हाती लागत नाही, आणि सारखं विचारत राहिल्याने गाडी झोपत नाही. मी आधी तसं एक ब्लूटूथ यंत्र वापरून पाहिलं होतं. आकडा सुमारे अर्धा सेकंद मागे राहायचा. वेगाचा आकडा उशिरा येत असेल तर तो नसलेला बरा.

झोपेचा प्रश्न मला तरीही भेटलाच. पहिल्या महिन्यात डिस्प्लेला वीज कायम चालू असलेल्या तारेवरून दिली होती. पडदा विझलेला दिसे, पण आतला डबा जागाच. मोजलं तेव्हा ०.३ अँपिअर निघाले. ऐकायला किरकोळ वाटतं, पण २४ तासांत ते ७ अँपिअर-तासांच्या वर जातं, आणि गाडीची १२ व्होल्टची बॅटरी काही मोठी नसते. ती उतरली की गाडी मोठ्या बॅटरीला जागं करून तिच्यातून ही छोटी पुन्हा भरते. चार दिवस गाडी उभी होती आणि चार्ज नेहमीपेक्षा जास्त उतरला, तेव्हा हे लक्षात आलं. मग फ्यूजच्या पेटीतून, गाडी बंद झाल्यावर वीज तुटणाऱ्या जागेवरून, वेगळा २ अँपिअरचा फ्यूज घालून तार ओढली. त्यानंतर ही तक्रार नाही.

वेगाच्या आकड्याबद्दल एक गैरसमज मलाही होता. डिस्प्लेवरचा वेग आणि मोबाइलच्या जीपीएसवरचा वेग यांत ३ किमीचा फरक दिसला, तेव्हा वाटलं डिस्प्ले चुकतो. पण संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतला ३९ क्रमांकाचा नियमच असा आहे की स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवण्याची मुभा आहे, तीही खऱ्या वेगाच्या दहाव्या भागापेक्षा ४ किमी अधिक इथपर्यंतच. शिवाय टायर झिजतात. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल, ती २ मिमीवर आली की चाकाची त्रिज्या जवळपास २ टक्क्यांनी घटते आणि तोच प्रवास करायला चाक जास्त फेरे घेतं, म्हणजे फेऱ्यांवरून काढलेला वेग आणखी जास्त दिसतो. माझ्या डिस्प्लेमध्ये जीपीएसचा वेग दाखवायची सोय आहे. मी ती बंद ठेवली. समोरचा आकडा आणि मधल्या स्क्रीनवरचा आकडा एकच असावा, नाहीतर चालवताना मनात उगाच दोन मतं होतात.

वेगासाठी घेतलेल्या या डिस्प्लेने मला सर्वांत जास्त शिकवलं ते बॅटरीच्या तापमानाबद्दल. हा आकडा मधल्या स्क्रीनवर कुठेच नव्हता. थंडीत सकाळी निघाले की पाय उचलल्यावर गाडी नेहमीसारखी ओढून धरत नसे, आणि मला वाटायचं काहीतरी बिघडलंय. आता दिसतं: बॅटरी ६ अंशांवर आहे आणि रीजनची, म्हणजे वेग कमी होताना बॅटरीत परत जाणाऱ्या विजेची, मर्यादा फक्त २० किलोवॉट. थंड सेलमध्ये जोरात चार्ज ढकलला तर लिथियम आत शिरण्याऐवजी धातू होऊन वर साचू शकतं, म्हणून बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारी यंत्रणा, हात आखडता घेते. अर्ध्या तासाने १५ अंश, मर्यादा वर, आणि पायाखाली ओळखीची ओढ परत. तसंच जलद चार्जरवर जाताना. थंड बॅटरी घेऊन पोहोचले तेव्हा ४५ किलोवॉटच्या पुढे जाईना. वाटेत बॅटरी गरम करायची सोय वेळेवर चालू केली आणि ४० अंशांवर पोहोचले, तर १२० दिसले. चार्जरवर चिडायचं कारणच उरलं नाही.

मधल्या काळात एक धक्का बसला. गाडीचं सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि दुसऱ्या दिवशी डिस्प्लेवरचे इंडिकेटरचे बाण गायब. गाडी बनवणारे आपल्या संदेशांची रचना जाहीर करत नाहीत. बाहेरच्यांनी ती तपासून तपासून उलगडलेली असते, आणि अपडेटमध्ये एखादा संदेश बदलला की डिस्प्ले आंधळा होतो. डिस्प्लेवाल्यांनी दुरुस्ती दिली, पण तीन आठवड्यांनी. सुदैवाने वेग चालू होता. म्हणून विकत घेताना विचारावं की मागच्या दोन-तीन अपडेटनंतर दुरुस्ती किती दिवसांत आली.

बारीकसारीक बाबी: पोलराइज्ड गॉगल घातला की माझा पडदा जवळपास काळा दिसतो, त्यामुळे गॉगल बदलला. उन्हात उभ्या गाडीत दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप सुटली, आता डिस्प्ले धरणाऱ्या ब्रॅकेटला स्क्रू आहे. ट्रिमखाली वायर प्लॅस्टिकला घासून किरकिर करायची, ती कापडी टेप गुंडाळल्यावर थांबली. रात्री उजेड आपोआप कमी होतो खरा, पण मला हवा त्यापेक्षा एक पायरी जास्तच राहतो.

सुरुवातीला पडद्यावर अकरा गोष्टी मांडल्या होत्या. टायरमधली हवा, मोटरचं तापमान, दर सेलचं व्होल्टेज, बाहेरची हवा. एकेक काढत गेले. आज चार आहेत: मोठा वेग, बाण, किलोवॉटची पट्टी आणि बॅटरीचं तापमान. बाबांसाठी त्याच पडद्यावर वेगळी मांडणी ठेवलीय, तीत फक्त वेग आणि बाण.

गाडीची मूळ वायर मी कुठेही कापलेली नाही, मधे फक्त जोड-हार्नेस, म्हणजे प्लगने जोडायची तारांची तयार जुडी, आहे. काढलेल्या क्लिपा आणि मूळ झाकण एका पिशवीत घालून पुढच्या कप्प्यात ठेवलंय. गेल्या महिन्यात सर्व्हिसला द्यायच्या आधी सगळं काढून पाहिलं, वीस मिनिटं लागली. परत बसवायला तीस.