दोन्ही डगरींवर हात : स्पोर्ट टूररसोबत ४१,००० किलोमीटर

गेल्या पाच वर्षांत माझ्या स्पोर्ट टूरर मोटरसायकलच्या मीटरवर ४१,००० किलोमीटर जमा झाले. हजार सीसीच्या आसपासचे, पाण्याने थंड होणारे चार सिलिंडरचे इंजिन, पूर्ण फेअरिंग (वारा कापणारे पुढचे-बाजूचे आवरण), हाताने वर-खाली करता येणारी काच, दोन्ही बाजूंना लागणाऱ्या डिक्क्या आणि टाकी भरल्यावर २४० किलोच्या घरात जाणारे वजन, एवढ्यावरून जाणकारांना गाडीचा अंदाज येईल. कंपनीचे आणि मॉडेलचे नाव लिहिण्याचे मी टाळले आहे, कारण पुढे जे गुणदोष सांगणार आहे ते एका गाडीपेक्षा या जातीच्या गाड्यांचे अधिक आहेत.

दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्याला शेवटी एक डगर सोडावी लागते, असा आपला अनुभव असतो. ही गाडी नेमके तेच करू पाहते: घाटात स्पोर्ट्स बाइकसारखी झोपावी आणि सामान लादून दिवसभर पळावी, अशी तिच्याकडून दुहेरी अपेक्षा आहे. शोरूमच्या पंधरा मिनिटांच्या चाचणीत यातली एकच डगर दिसते. पिकअप जाणवतो, ब्रेक जाणवतात, मान वळवून पाहणारे लोक जाणवतात. पण सहाव्या तासाला कंबर कुठे धरते, भरलेल्या डिक्क्यांनी वळणात काय होते आणि काचेवरून आलेला वारा हेल्मेटवर कुठे आदळतो, हे तिथे कळत नाही. माझ्या मते या गाडीचा निकाल सहाव्या तासालाच लागतो. आज ती तिथे उत्तीर्ण होते. पहिल्या वर्षी मात्र ती सपशेल नापास होत होती, आणि त्यात गाडीचा दोष निम्माच होता.

बैठकीपासून सुरुवात करतो. हँडल स्पोर्ट्स बाइकपेक्षा उंच असले तरी अंग किंचित पुढे झुकते आणि पाय थोडे मागे जातात. गर्दीत, सिग्नलपासून सिग्नलपर्यंत, हा सारा भार मनगटांवर येतो आणि गाडी अवजड वाटते. वेग ८०-९० च्या पुढे गेला की समोरचा वारा छातीला टेकू देतो आणि मनगटे मोकळी होतात. म्हणजे जिथे गाडी घेण्याचा निर्णय होतो, त्या गर्दीच्या रस्त्यावर ती सर्वांत वाईट वागते. मनगटांची तक्रार गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायला शिकल्यावर संपली. सीटची तक्रार संपली नाही. मूळ सीटचा उतार टाकीकडे असल्याने प्रत्येक ब्रेकला माणूस दोन बोटे पुढे घसरतो आणि तिसऱ्या तासापासून दर दहा मिनिटांनी मागे सरकत बसतो. हा दोष खरोखर गाडीचा आहे. मी फोम कापून उतार कमी करून घेतला, तेव्हा कुठे सहावा तास सुसह्य झाला.

वाऱ्याचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि त्यात मी पैसेही घालवले आहेत. काच सर्वांत वर ठेवली की वारा चुकेल, असा माझा सरळ हिशेब होता. प्रत्यक्षात ताशी १०० किलोमीटरला हेल्मेट असे थरथरायचे की जणू कोणी दोन्ही बाजूंनी टपल्या मारत आहे, आणि दोन तासांनी डोळ्यांपुढचा रस्ताही किंचित हलल्यासारखा भासायचा. काच अपुरी आहे असे समजून मी आणखी उंच काच विकत घेतली, त्रास वाढला. मग एकदा रिकाम्या सरळ रस्त्यावर पायांवर भार देऊन सीटवरून वीतभर वर उठलो, आणि हेल्मेट एकदम स्थिर झाले. आवाज मोठा होता, पण तो अखंड, गुळगुळीत आवाज होता. खरा चोर तेव्हा सापडला. काचेच्या वरच्या कडेवरून सुटणारी हवा फाटते, तिचे भोवरे होतात, आणि माझ्या उंचीला ते भोवरे बरोबर हेल्मेटच्या मध्यावर येत होते. शिवाय काच जितकी मोठी, तितका तिच्यामागे हवेचा दाब कमी होतो आणि बाजूंची हवा त्या पोकळीत ओढली जाते. उंच काचेमागे पाठीला मागून ढकलल्यासारखे वाटायचे, त्याचे कारण हेच होते. आता मी मूळची काच सर्वांत खालच्या खाचेत ठेवतो. वारा छातीच्या वर लागतो, पण स्वच्छ लागतो.

१९७६ साली आलेल्या बीएमडब्ल्यूच्या आर१००आरएसची फेअरिंग वाऱ्याच्या बोगद्यात घडवलेली होती, आणि तेव्हापासून हे शास्त्र बरेच पुढे गेले आहे. तरीही कोणत्याही बोगद्यात माझी उंची, माझे हेल्मेट आणि माझी बसण्याची ढब नव्हती. एका ठेंगण्या मित्राला हीच गाडी काच वर ठेवून अतिशय शांत वाटते, त्यामुळे काचेबद्दल दुसऱ्याचा सल्ला घेण्यात अर्थ नाही. कानांचा सल्ला मात्र सर्वांना सारखाच लागू आहे: हमरस्त्याच्या वेगाला हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो आणि कोणतीही काच तो पुरता अडवत नाही. फोमचे साधे इअरप्लग ही मी या गाडीवर केलेली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठी सुधारणा आहे.

पेट्रोलचा हिशेबही वाऱ्याशीच बांधलेला आहे. वेग १०० वरून १३० वर नेला की हवेचा अडथळा सुमारे ७० टक्क्यांनी वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद दुपटीहून जास्त होते. माझी गाडी १०० च्या आसपास लिटरला २१ किलोमीटर देते, तर १३० ला १६ वर येते. डिक्क्या लावल्या की त्यातूनही एखादा किलोमीटर जातो. लिटरमागे पाच किलोमीटर गमावून दिवसाअखेर किती वेळ वाचला, हे एकदा घड्याळ लावून पाहिले आणि तेव्हापासून उजवा हात आपोआप सैल राहतो.

आता सामानाबद्दल. प्रत्येक डिक्कीत एक पूर्ण हेल्मेट मावते, पावसात आतले सामान कोरडे राहते, आणि डिक्क्या काढल्यावर मागे लोखंडी सांगाडा उरत नाही, हे सगळे चांगले आहे. वाईट हे की प्रत्येक डिक्कीची भारमर्यादा १० किलोची आहे आणि ती कुठे लिहिली आहे, तर डिक्कीच्या आत, कपड्यांखाली झाकल्या जाणाऱ्या स्टिकरवर.

पहिल्या लांबच्या प्रवासात मागे पत्नी होती आणि डिक्क्या भरलेल्या होत्या. अंधार पडल्यावर समोरून येणारा जवळपास प्रत्येक जण मला डिपर मारत होता, आणि मी दर वेळी बटण तपासत होतो, कारण माझा दिवा खालीच होता. वळणात गाडी हट्टी झाली होती. हँडल जड, पुढचे चाक मात्र हलके. हेडलाइटचे सेटिंग बिघडले असावे असे मला वाटले, पण बिघाड दिव्यात नव्हताच. मागचा भार वाढल्याने सस्पेन्शन खाली बसले होते आणि गाडीचे नाक वर गेले होते. त्याबरोबर दिव्याचा झोत वर गेला, आणि पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कचा कोन पसरट झाल्याने वळणे अवघड झाली. त्यासाठी सीटखालच्या बाजूला प्रीलोडची, म्हणजे मागची स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवण्याची, एक गोल मूठ दिलेली आहे, आणि मी वर्षभर तिला हातही लावला नव्हता. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, ती फक्त गाडीची मागची उंची परत मिळवून देते. आता मागे माणूस आणि सामान असले की मी मूठ बारा टिचक्या फिरवतो, सोबत रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत उसळण्याचा वेग) थोडा आवळतो, आणि गाडी पुन्हा सरळ स्वभावाची होते. पत्नीचे मोजमाप वेगळे आहे. "आज दिवसभरात तुझं-माझं हेल्मेट फक्त दोनदा आपटलं," असे तिने त्यानंतरच्या प्रवासात उतरता उतरता सांगितले. पहिल्या प्रवासात तिने मोजणेच सोडून दिले होते. त्यातला थोडा वाटा मी गिअर हळुवार टाकायला शिकलो याचाही असावा, पण ती ते श्रेय देत नाही.

टायर हा या गाडीवरचा कायमचा खर्च आहे. पुढे १२०/७० आणि मागे १८०/५५, दोन्ही १७ इंची. स्पोर्ट टूरिंगचे टायर मध्यभागी कडक आणि कडेला मऊ रबराचे असतात, म्हणजे सरळ रस्त्यावर झिजू नयेत आणि वळणात पकड सोडू नये. कल्पना उत्तम आहे. तरी हमरस्त्यावरच्या सामानासह केलेल्या प्रवासांनी मागच्या टायरचा मधला भाग माझ्याकडे १०,०००-११,००० किलोमीटरमध्ये चपटा होतो, आणि तेव्हा कडेची नक्षी जवळजवळ नवी असते. टायर पूर्ण गोटा होण्याच्या बराच आधी वागणे बिघडते, हे इथे लक्षात ठेवावे लागते. गाडी कलवताना आधी टाळाटाळ करते, आणि चपट्या भागाची कड ओलांडली की एकदम पडल्यासारखी कलते. दोन वेळा मी हे बेअरिंगचे दुखणे समजलो होतो. हवा थंड टायरमध्ये, पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे, पुढे ३६ आणि मागे ४२ ठेवतो. मागे दोन-चार पाउंड कमी झाले तरी हँडलमध्ये सुस्ती लगेच जाणवते.

चेनबद्दल एक तक्रार नोंदवतो, ती गाडीविषयी नसून एका सर्व्हिस सेंटरविषयी आहे. तिथून गाडी परत आली तेव्हा चेन स्टँडवर व्यवस्थित दिसत होती, पण मी बसून निघालो की खालून सतत एक बारीक हुंकार यायचा. पुढचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चक्र), स्विंगआर्मची (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याची) खीळ आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणलेली असते, आणि माणूस बसल्यावर गाडी त्या स्थितीच्या जवळ जाते. स्टँडवर ताठ दिसणारी चेन रस्त्यावर अतिताणाची होते आणि त्याचा मार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर बसतो. ढिली चेन आवाज करून सांगते, घट्ट चेन नुकसान करून. तेव्हापासून हे काम मी स्वतः करतो. दिवसाच्या शेवटी, चेन कोमट असताना, दर ६००-७०० किलोमीटरला पुसणे आणि तेल देणे यात फारतर दहा मिनिटे जातात. त्यातली पाच मिनिटे मेन स्टँड नसल्यामुळे जातात, आणि लांबच्या प्रवासासाठी विकल्या जाणाऱ्या गाडीला मेन स्टँड वेगळा विकत घ्यायला लावणे मला आजही पटत नाही. ज्यांना हे दहा मिनिटांचे कामही नको, त्यांच्यासाठी यामाहाची एफजेआर१३०० किंवा जुनी होंडा एसटी११०० अशा, चेनऐवजी शाफ्टने (फिरत्या दांड्याने) चाक फिरवणाऱ्या गाड्या आहेत. मात्र त्यांचे वजन तीनशे किलोच्या आसपास जाते.

वजनावरून आठवले. ही गाडी चालताना माझ्या हातून एकदाही पडली नाही, उभी असताना एकदा पडली. खडीवर थांबलो, डावा पाय टेकवला, आणि पाय घसरला. एका ठरावीक कोनापलीकडे २४० किलो कोणाच्याही मांडीने अडत नाहीत. मी तिला अडवण्याचा प्रयत्न सोडून हळू खाली ठेवली. क्लचचा लिव्हर तुटला, डिक्कीवर ओरखडा आला, आणि उचलताना दोघांची मदत लागली. थांबण्याआधी पाय कुठे टेकणार ती जागा पाहण्याची सवय त्या दिवशी लागली.

इंजिनाबद्दल कमी लिहितो, कारण तक्रार कमी आहे. सहाव्या गिअरमध्ये ५० वरूनही ते कुरकुर न करता ओढते. पाच हजार आरपीएमच्या आसपास हँडलमध्ये बारीक मुंग्या येतात, आणि दुर्दैवाने हमरस्त्याचा वेग तिथेच येतो. गर्दीत रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम हवा थेट पिंढऱ्यांवर येते. पावसाळ्यात बरे वाटते, एरवी नाही. क्लच न दाबता गिअर बदलू देणारा क्विकशिफ्टर चैनीचा आहे. क्रूझ कंट्रोल चैनीचा वाटतो, पण उजव्या मनगटासाठी तो गरजेचा आहे. वळणातही काम करणारे एबीएस माझ्याकडे एकदाच, ओल्या उताराच्या वळणावर, जागे झाले. गाडी सरळ उठली नाही आणि रेषाही सोडली नाही, एवढेच मला आठवते.

४०,००० ला व्हॉल्व्हची तपासणी झाली. फेअरिंग, टाकी, एअरबॉक्स उतरवण्यातच अर्धा दिवस गेला, आणि बिलाचा मोठा भाग त्या मजुरीचाच होता. दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे अंतर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांमधली फट, कमी झालेले निघाले. इथे अनेकांची फसगत होते: अंतर वाढले तर टकटक ऐकू येते, कमी झाले तर इंजिन उलट अधिक शांत होते, म्हणून "आवाज नाही, म्हणजे सगळे ठीक" हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. हा खर्च वापरलेली गाडी घेणाऱ्याने आधीच किमतीत धरावा, आणि तपासणीचा कागद मागावा.

रोजचा प्रवास गर्दीतून दहा-पंधरा किलोमीटरचा असेल, किंवा कच्च्या रस्त्यांची ओढ असेल, तर ही गाडी घेऊ नये. वर्षातून पाच-सहा वेळा सामान बांधून निघणाऱ्या, आणि वाटेतल्या घाटात मात्र घाई न करता नीट गाडी चालवण्याची हौस असणाऱ्या माणसाला मी ती घ्यायला सांगेन; सीटच्या फोमचे, इअरप्लगचे आणि मेन स्टँडचे पैसे बाजूला ठेवून. माझ्या गाडीचा मागचा टायर सध्या ९,००० वर आहे, आणि गेल्या रविवारी घाटाच्या पहिल्याच वळणाला ती ओळखीची टाळाटाळ हँडलमध्ये पुन्हा जाणवली.