स्कूल बाँडसाठी दारोदार फिरताना वापरलेलं ॲप, तीन महिन्यांनंतर

आम्ही कॅलिफोर्नियात बे एरियात राहतो, मुलं पब्लिक शाळेत, आणि नोव्हेंबर 2024 च्या बॅलटवर आमच्या एलिमेंटरी स्कूल डिस्ट्रिक्टचा बाँड होता, म्हणजे शाळांच्या इमारतींसाठी काढायचं कर्ज, जे घरमालकांच्या प्रॉपर्टी टॅक्समधून फेडलं जातं आणि त्याला मतदारांची मंजुरी लागते. वर्गांची छपरं गळतात हे मी स्वतः बघितलंय, त्यामुळे ऑगस्टपासून शनिवार-रविवार दारोदार फिरलो. कॅम्पेनवाल्यांनी एक ॲप दिलं होतं, त्याबद्दल लिहितोय.

चांगलं आधी सांगतो. मतदार यादी नकाशावर दिसते, त्या घरातलं कोण मागच्या निवडणुकांना मत द्यायला गेलं होतं ते कळतं (कोणाला दिलं ते अर्थातच नाही), आणि बोलणं झालं की 1 ते 5 मधलं एक बटण दाबायचं, 1 म्हणजे पक्का पाठिंबा, 5 म्हणजे पक्का विरोध. शिकायला दहा मिनिटं पुरतात.

आता खरी अडचण. 2000 च्या प्रोपोझिशन 39 (मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केलेला कायदा) नंतर शाळेच्या बाँडला दोन तृतीयांशऐवजी 55 टक्के मतं पुरतात, म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त लोक बाजूने असून भागत नाही. डिस्ट्रिक्टने आधी 400 लोकांचा पोल केला होता, पण तेवढ्या सँपलमध्ये आकडा पाच टक्के इकडेतिकडे होतोच, मग 58 आलं तरी छातीठोकपणे काय सांगणार? म्हणून दारावरचा "हो" महत्त्वाचा, आणि तोच फार कच्चा असतो.

एका मराठी घरी गेलो, काकांनी आत बसवलं, चहा दिला, "शाळेला कोण नाही म्हणेल हो" म्हणाले, मी 1 दाबलं. निघताना सहज रक्कम सांगितली, एक लाख डॉलर असेस्ड व्हॅल्यूमागे (करासाठी धरलेली घराची किंमत, जी घर घेतानाच्या किमतीवरून ठरते) वर्षाला 30 डॉलर. घर दोन वर्षांपूर्वी 15 लाखांना घेतलेलं, म्हणजे 450. काका गप्प. मग, "दरवर्षी? आणि किती वर्षं?" मी ॲपमध्ये त्यांचं 1 बदलून 3 केलं. त्यांच्या शेजारच्या आजी मात्र उलट, सुरुवातीलाच नाही म्हणाल्या कारण त्यांनी बाजारभावावर हिशोब केला होता. 1978 च्या प्रोपोझिशन 13 मुळे असेस्ड व्हॅल्यू वर्षाला जास्तीत जास्त 2 टक्के वाढते, सत्तरच्या दशकातलं घर, त्यांचं बिल काढून बघितलं तर असेस्ड व्हॅल्यू सव्वा लाखाच्या आसपास, वर्षाला चाळीसही डॉलर नाहीत. तिथे पाच मिनिटं बिल बघण्यात गेली आणि मत बदललं, पण ॲपमध्ये हे लिहायला जागाच नाही, नोट्सचा एक छोटा डबा आहे आणि तो रिपोर्टमध्ये येतच नाही.

दुसरी तक्रार, एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये रेंज गेली आणि दुपारभराच्या नोंदी सिंकच झाल्या नाहीत, सगळं पुन्हा. भाडेकरूंची घरं गेटमुळे तशीच राहिली, आणि ॲप त्यांना "घरी नव्हते" म्हणतं, ते चूक आहे.

सप्टेंबरच्या मध्यापासून मी रक्कम सांगितल्याशिवाय बटणच दाबलं नाही. माझ्या यादीतले 1 पटापट कमी झाले, आमची कोऑर्डिनेटर काळजीत पडली, पण बॅलट पोस्टाने ऑक्टोबरमध्ये घरी पोचायचे होते, तोपर्यंत त्या 3 वाल्यांकडे परत जाता आलं. निकालाच्या रात्री आम्ही 55 च्या खाली होतो, उशिरा आलेली पोस्टाची मतं मोजता मोजता दोन आठवड्यांनी जेमतेम वर गेलो.

पाचपैकी साडेतीन. वापरा, पण सोबत कॅल्क्युलेटर ठेवा आणि घरमालकाला त्याचं टॅक्स बिल काढायला सांगा.