रस्त्याकडेची भिंत: चितारू द्यावी की साधा रंग मारावा?

सोसायटीची, शाळेची किंवा मंगल कार्यालयाची रस्त्याकडेची भिंत तुमच्या ताब्यात असेल, तर दिवाळीच्या तोंडावर हा प्रश्न हमखास येतो. रंग मारून आठवडा झाला नाही तोच त्यावर क्लासची जाहिरात, नाहीतर बदामात दोन नावं. लातूर, नांदेड, संभाजीनगर, सगळीकडे हीच गत. मग स्प्रेचे डबे घेऊन एखादं पोरगं येतं, "काका, भिंत द्या ना, मस्त चित्र काढतो." द्यावी का?

कायद्याचं थोडक्यात. मालमत्ता विद्रूपणाविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा 1995 चा आहे. शिक्षा 3 महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चित्र देखणं आहे का, हे त्यात कुणी विचारत नाही. त्यामुळे मालकाची लेखी परवानगी हवीच, आणि महापालिकेतही विचारून ठेवा.

खर्चात साधा रंग सरळ जिंकतो. पण खरा फरक दुरुस्तीत आहे. साध्या भिंतीवर कुणी पिचकारी मारली, नाव खरडलं, तर उरलेल्या डब्यातला रंग फिरवला की काम झालं. चित्रावर तेच झालं तर तोच चित्रकार शोधावा लागतो, आणि तो तोवर पुण्याला गेलेला असतो. शिवाय आपलं ऊन. पश्चिमेकडच्या भिंतीवर भडक लाल, गुलाबी, पिवळे आधी विटतात. गेरू, काव, काळा टिकतात. नितळ गुलाबी चेहऱ्यांचं चित्र कुणी सुचवलं, तर आधी भिंतीची दिशा बघा. ओल येत असेल तर पुट्टीसकट पोपडे निघतील, म्हणजे आधी ओलीचा बंदोबस्त. खालचा दोन फूट पट्टा गडदच ठेवा, पावसाचं पाणी आणि तंबाखू दोन्ही तिथंच उडतात. (काहीजण थुंकू नये म्हणून देवांच्या फरशा लावतात. गटाराशेजारी देव बसवणं मला तरी पटत नाही.)

चित्र असलं की खरडणारे हात थोडे थबकतात, असा माझा अंदाज. पोस्टर चिकटवणारा मात्र चित्राला अजिबात भीत नाही.

दगडी भिंत असेल, शहराच्या जुन्या वेशीच्या किंवा किल्ल्याच्या वळणाची, तर दोन्ही नको. स्प्रेचा रंग दगडाच्या छिद्रांत शिरतो आणि खरवडताना दगडच झिजतो. जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर प्लास्टिक पेंट मारला तर आतली ओल कोंडते. संरक्षित स्मारकावर खरडण्याला तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अजिंठ्याच्या 10 क्रमांकाच्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं 28 एप्रिल 1819 ला चित्रावरच आपलं नाव कोरलं. लेण्यात तेव्हा दगडमातीचा ढीग होता, त्यावर उभं राहून कोरल्यामुळे ते आज माणसाच्या उंचीहून वर दिसतं. लेणी इंग्रजांच्या नजरेस कधी पडली, याची तारीख आपण त्याच ओरखड्यावरून सांगतो. म्हणून तो काही कला ठरत नाही.

द्यायचंच ठरलं तर कागद करा, कारण मालकी तुमची असली तरी चित्रकाराचे हक्क संपत नाहीत. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारनं 1979 मध्ये उतरवलं. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अवशेष परत करायला आणि 5 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. आपली भिंत काही विज्ञान भवन नाही, तरी भांडण टळलेलं बरं.

माझं मत विचाराल तर सावलीतली, कोरडी, सिमेंटची भिंत आणि गावातच राहणारा चित्रकार असेल तर खुशाल द्या. यातलं एक जरी नसेल तर साधा रंग मारा आणि अर्धा डबा झाकण घट्ट लावून ठेवा. कागदात तीन गोष्टी घाला: चित्र किती वर्षं राहणार, खराब झाल्यास दुरुस्ती कोण करणार, आणि मुदतीनंतर न विचारता पुसायचा अधिकार कुणाचा. कोपऱ्यात क्लासवाल्याचं नाव टाकू का, असं विचारतील. नाही म्हणा.