थ्री पीक्स की स्कॉटिश आयलंड्स पीक्स: हौशी चमूने कोणती शर्यत धरावी?

या दोन्ही ब्रिटनमधल्या शर्यती: शिडाच्या बोटीने बंदरामागून बंदर गाठायचं आणि वाटेत उतरून डोंगर पळत चढून यायचं. बोटीवर पाच जण: साधारण तिघे शिडं सांभाळतात, दोघे डोंगर धावतात. बंदराजवळच्या ठरलेल्या हद्दीबाहेर इंजिन चालत नाही. वारा पडला की वल्ही मारायची. निवडीआधी एकच गोष्ट प्रामाणिकपणे ठरवा: आपला चमू समुद्रावर कच्चा आहे की डोंगरात?

थ्री पीक्स यॉट रेस १९७७ मध्ये सुरू झाली. वेल्समधल्या बार्मथहून सुटायचं, कार्नार्व्हनला उतरून स्नोडन (१०८५ मी.), व्हाइटहेवनहून स्काफेल पाइक (९७८ मी.) आणि शेवटी फोर्ट विल्यमहून बेन नेव्हिस (१३४५ मी.). समुद्रावर सुमारे ३८९ मैल. स्कॉटिश आयलंड्स पीक्स ओबनहून ट्रूनला जाते आणि तिचा सागरी पल्ला याच्या निम्म्याहून कमी, सुमारे १६० मैल. पायी मात्र दोन्हींकडे साधारण साठ मैल. आकड्यांवरून दुसरी सोपी वाटते, पण धावणाऱ्यांना विचारा.

स्नोडन आणि बेन नेव्हिसवर मळलेली पायवाट आहे, आणि कार्नार्व्हनहून बराच भाग तर डांबरी रस्ताच. रस्त्यावर मॅरेथॉन पळणारा गडी तिथे निभावतो. स्कॉटिश शर्यतीतल्या जुरा बेटावर तसं नाही. तीन ‘पॅप्स’ म्हणजे सुळकेवजा डोंगर, सर्वांत उंच ७८५ मीटर, वाट नाही, पायाखाली सुट्या दगडांची घसरण. धुकं उतरलं की होकायंत्र आणि नकाशाच. त्याआधी मल बेटावर सेलनहून बेन मोर (९६६ मी.) झालेला असतो, आणि ओबन ते सेलन अंतर इतकं कमी की धड झोपही होत नाही. विश्रांती मिळते ती जुरानंतर, किंटायर द्वीपकल्पाच्या टोकाला वळसा घालून ऍरन बेटावरच्या लॅमलॅशला जाताना. तिथे उरतो गोट फेल (८७४ मी.).

थ्री पीक्समध्ये धावणाऱ्यांना झोप भरपूर, पण खरी डोकेदुखी स्किपरची, म्हणजे बोटीच्या कप्तानाची. कार्नार्व्हनपुढे मेनाय सामुद्रधुनीतल्या दोन पुलांमधला ‘स्वेलीज’चा खडकाळ पट्टा लागतो. उधाणात तिथे आठ नॉटपर्यंत (तासाला आठ सागरी मैल) पाण्याची ओढ असते. पाणी स्थिरावतं ते लिव्हरपूलच्या पूर्ण भरतीच्या साधारण दोन तास आधी. म्हणजे स्नोडनवरून परत यायला अर्धा तास उशीर झाला, तर पुढे नांगर टाकून कित्येक तास बसावं लागू शकतं. धावण्याचं वेळापत्रक भरतीच्या कोष्टकावरूनच आखा. शिवाय व्हाइटहेवनला सायकलीचा टप्पा आहे. खाऱ्या पाण्याने चेन गंजते. ती तेल लावून पिशवीत बांधलेली असावी. शेवटचा सागरी टप्पा दोनशे मैलांहून लांब, आणि तोही मल ऑफ गॅलोवे आणि किंटायर ही टोकं, मग कॉरन नॅरोज हा चिंचोळा पट्टा अशा ओढीच्या जागांतून. रात्रपाळीची सवय नसलेले तिघे इथे कोलमडतात.

किंटायरचं टोक दोन्ही शर्यतींत आहे. वारा आणि पाण्याची ओढ समोरासमोर आली की तिथे उभ्या लाटा उठतात. ती वेळ टाळून गाठायचं, नाहीतर आडोशाला थांबायचं.

बोट लागणं हे दोन्हींकडे धावणाऱ्यांना बाद करणारं एक मोठं कारण. उलट्यांनी पाणी गेलं की डोंगरावर पाय गोळे धरतात. गोळी निघण्याच्या दोन तास आधी घ्या, आणि सराव मोहिमेत ती आधी पारखा, कारण काही गोळ्यांनी गुंगी येते. धावणाऱ्याला बोटीच्या मधल्या भागात, बोट कलते त्या खालच्या बाजूच्या बंकवर (झोपायच्या फळीवर) आडवं करा. पुढचा बंक सर्वांत जास्त आपटतो. थोडं थोडं खायला द्या. कोरडे मोजे पिशवीत बांधून ठेवा. एवढी साधी गोष्ट कित्येक चमू विसरतात.

आमचं मत: डोंगरात रात्री नकाशावर चालणारे दोघे असतील आणि बोट मध्यम असेल, तर स्कॉटिश. पट्टीचे खलाशी आणि रस्त्यावरचे धावपटू असतील, तर थ्री पीक्स. दोन्ही बाजू अर्धवट असतील तर त्या वर्षी सहभाग न घेता सरावाला जा. आणि बोट भाड्याने घेण्याआधी त्या वर्षी शर्यत होणार आहे का, हे आयोजकांकडून खात्रीने विचारून घ्या.