गाडी काढून उदयपूर की विमानाने थायलंड? भुसावळहून निघणाऱ्यांनी आधी हे वाचा

आम्ही दोन्ही करून बसलोय म्हणून लिहिते. मागच्या दिवाळीत गाडीने इंदूरकडून उदयपूर, आम्ही चौघं आणि सासू-सासरे, आणि त्याच्या आदल्या वर्षी जानेवारीत फक्त चौघं थायलंड. आता जाऊबाईंकडे तोच घोळ चालू आहे, रोज फोन, त्यांना जे सांगितलं तेच इथे.

पहिली गोष्ट पैशाची नाहीच, दिवसांची आहे. पुणे-मुंबईवाल्यांचं सहा दिवसांचं पॅकेज आपल्याला आठ दिवसांचं पडतं, कारण भुसावळहून मुंबई सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर, रात्रीची गाडी पकडायची, दादरला उतरायचं, विमानतळावर तीन तास आधी जाऊन बसायचं, आणि येताना पुन्हा तेच उलटं, तेही पोरं झोपेने लोंबकळत असताना. विमान स्वतः साडेचार तासांत बँकॉकला टाकतं हो, पण दारापासून दारापर्यंत धरलं तर दीड दिवस गेला. गाडीने मात्र सकाळी सहाला चहा घेऊन निघालं की रावेर करत दीड तासात बऱ्हाणपूर, तिथे मावा जिलेबी, आणि सुट्टी तिथूनच सुरू. पुढे असीरगड लांबून बघायचा, खंडव्यावरून ओंकारेश्वर, मग महेश्वरला अहिल्याबाईंच्या घाटावर संध्याकाळ. आम्ही मांडूही केलं, पण मांडूची मजा पावसाळ्यात, दिवाळीत जहाज महालाच्या तळ्यात पाणी जरा कमीच होतं. सासऱ्यांना चित्तोडगडाचा विजयस्तंभ बघायचा होता. नऊ मजले, गुडघे नको म्हणाले, खालूनच हात जोडले आणि तासभर सावलीत बसले. कोणी घाई केली नाही, गाइडची शिट्टी नाही, बस सुटायची भीती नाही. म्हातारी माणसं सोबत असतील तर माझं मत इथेच ठरलं.

आता गाडीची वाईट बाजू. बडवाहच्या अलीकडे रेडिएटरचा पाइप फुटला. कडुलिंबाखाली एक मेकॅनिक, त्याच्याकडे तो साइझ नाही, पोरगा मोटरसायकलवर आणायला पाठवला, दोन तास गेले. पण त्या दोन तासांत सासूबाईंनी डबा उघडला, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी त्या मेकॅनिकलाही दिली, सासरे त्याच्याशी कपाशीच्या भावावर बोलत बसले आणि पोरांनी शेळ्या मोजल्या. भाषा कळते, फोन लागतो, फार तर घरून भाऊ दुसरी गाडी घेऊन येईल, ही खात्री असते ना, तिची किंमत थायलंडला कळली.

तिथे दुसऱ्या रात्री धाकटीला ताप चढला. रात्री साडेअकरा. औषधाचं दुकान सापडलं, पण दुकानवाल्या बाईंना इंग्रजी येईना, मला थाई येईना, मोबाइलमध्ये मराठीत बोलायचं आणि तो थाईत वाचून दाखवणार, मग तिने पोरीच्या वजनाचं विचारलं तेव्हा बोटांवर सतरा दाखवले. औषध मिळालं, सकाळी ताप उतरला, पण ती रात्र मी विसरणार नाही. प्रवासाचा विमा काढा, पोरांचं तापाचं औषध इथूनच न्या, प्रिस्क्रिप्शनसकट.

खाण्याचं बोलायचं तर शाकाहारी असाल तर तिकडे "भाजी" म्हणून दिलेल्या ताटातही माशाचं सॉस असतं, त्याला नाम प्ला म्हणतात. "जे" हा एक शब्द पाठ करा, म्हणजे मांस-मासे-अंडं काहीच नको. घरून खाऊ न्यायचा तर तेही बघून. सासूबाईंनी प्रेमाने मोठ्या बॅगेत सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घातल्या होत्या, मुंबईला काउंटरवर परत बोलावलं, बॅग उघडायला लावली आणि वाट्या काढून घेतल्या, कारण खोबऱ्यातल्या तेलामुळे ते आपोआप पेट घेऊ शकतं म्हणे, विमानात धोक्याचा माल. माय वं, खोबरं!

हवा: आपण ४५ डिग्री बघितलेली माणसं, पण तिकडचा उकाडा चिकट आहे, भुसावळची कोरडी भट्टी परवडली. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच जा, मेच्या सुट्टीत नको.

खर्च सरळ सांगते. गाडीने सहा जणांचे आठ दिवसांचे सगळे मिळून सत्तर-पंच्याहत्तर हजार. थायलंडला चौघांचे सव्वादोन लाखांवर, त्यात टूरवाल्याने वरून टीसीएस (परदेशी पॅकेजवर आधीच कापून घेतात तो कर) घेतला, तो रिटर्न भरताना वळता होतो पण आधी खिशातूनच जातो. टोलचा वार्षिक पास (२०२५ मध्ये ३००० रुपयांना सुरू झाला, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष) एका ट्रिपसाठी घेऊ नका, तो फक्त राष्ट्रीय महामार्ग-एक्सप्रेसवेवर चालतो, नाशिक-मुंबई वर्षभर चालू असेल तर घ्या.

एवढं सगळं असून मोठ्या मुलाला विचाराल तर तो थायलंडच म्हणेल. पहिलं विमान, मेट्रोचं तिकीट त्याने स्वतः मशीनमधून काढलं, घड्याळ दीड तास पुढे करायचं त्याला कोण कौतुक. गाडीत तो अर्धा वेळ मोबाइलवरच होता. आणि गाडी चालवणारा एकटा असेल तर त्या माणसाची सुट्टी होतच नाही, आमचे हे परत येऊन दोन दिवस झोपले.

म्हणून जाऊबाईंना म्हटलं, तुमचा धाकटा चार वर्षांचा आणि आई सोबत येणार, तर यंदा गाडीच काढा, पण ड्रायव्हर करा आणि रात्री अजिबात चालवू नका. बाहेरदेशी जायचं तो स्वतःची बॅग स्वतः ओढेल तेव्हा. तोवर पासपोर्ट मात्र काढून ठेवा, लहान मुलांचा ५ वर्षांचाच मिळतो, आणि प्रवासाच्या वेळी त्याची किमान ६ महिने मुदत शिल्लक असावी. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोचण्याच्या आधीच्या ३ दिवसांत ऑनलाइन भरायचं, ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. व्हिसाचे नियम मध्येच बदलतात, ते तिकीट काढायच्या दिवशीच बघा, माझ्या भरवशावर नको.