बाळंतपणातच बसवलेली तांबी: सरकारी रुग्णालयातील सेवेचा अनुभव

मार्च २०२५ मध्ये आमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात माझे पहिले बाळंतपण झाले आणि वार पडल्यानंतर दहा मिनिटांच्या आत, त्याच टेबलावर, मला तांबी (गर्भ राहू नये म्हणून गर्भाच्या पिशवीत ठेवायचे साधन) बसवण्यात आली. एक रुपयाही लागला नाही.

या सेवेतील सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे विचारणा वेळेवर झाली. सातव्या महिन्याच्या तपासणीला समुपदेशक ताईंनी कॉपर टी ३८० ए ही तांबी माझ्या हातातच दिली. जेमतेम साडेतीन सेंटिमीटर उंचीची, दांडीला तांब्याची बारीक तार गुंडाळलेली ती वस्तू पाहिल्यावर, ‘पिशवीला टोचेल’ ही सासूबाईंची धास्ती निम्मी ओसरली. तांबी दहा वर्षे चालते, हवी तेव्हा काढून घेता येते, अंगावरच्या दुधावर तिचा परिणाम होत नाही आणि बाळंतपणानंतर ४८ तासांत बसवली नाही तर सहा आठवडे थांबावे लागते, हे सारे त्यांनी तेव्हाच समजावले. ऐन कळांमध्ये घेतलेल्या सहीला मी तरी संमती म्हणणार नाही. डॉक्टरांनी लांब चिमट्याने तांबी पिशवीच्या वरच्या टोकापर्यंत नेली तेव्हा ओटीपोटात दडपल्यासारखे वाटले, पण नुकत्याच सोसलेल्या कळांपुढे ते काहीच नव्हते.

पुढच्या पाठपुराव्याबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. सहा आठवड्यांनी गेले तेव्हा नव्या सिस्टरना तांबीच्या टोकाचे दोरे तपासणीत दिसले नाहीत आणि ‘पडली असेल’ एवढेच सांगून त्यांनी पुढच्या बाईला हाक मारली. बाळंतपणात बसवलेली तांबी पडण्याची शक्यता नंतर बसवलेल्या तांबीपेक्षा जास्त असते हे खरे. पण दोरे पिशवीतच गुंडाळलेले राहणे हेही नेहमीचेच आहे, त्यामुळे सोनोग्राफी करूनच काय ते ठरवावे लागते. तिथे आठ दिवसांनंतरचा नंबर मिळाला आणि तोवर निरोध वापरा, असे सांगण्याचे कोणालाही सुचले नाही. शेवटी बाहेर पैसे भरून तपासणी केली. तांबी जागेवरच होती.

तो कागद घेऊन परत गेले, तेव्हा माझ्या कार्डावरचा तांबीचा रकाना बाळंतपणापासून कोराच असल्याचे लक्षात आले. सिस्टरसमोर उभी राहून तो भरून घेतला. आता तिथे निळ्या शाईत ‘काढण्याची तारीख: मार्च २०३५’ असे लिहिलेले आहे.