ब्रिटन सरकारचा रिडन्डन्सी कॅल्क्युलेटर: हिशोब चोख, पण कामाचे तास घटले असतील तर जपून

ब्रिटनमध्ये नोकरकपातीत (रिडन्डन्सी) नोकरी जाणार असेल, तर कायद्याने किती पैसे मिळतील हे पाहायला गव्ह डॉट यूकेवरचा कॅल्क्युलेटर सगळ्यात आधी उघडावा. फुकट आहे, नाव-पत्ता मागत नाही. नोकरी संपण्याची तारीख, तेव्हाचं वय, नोकरीची पूर्ण वर्षं आणि करकपातीआधीचा आठवड्याचा पगार, एवढंच विचारतो. गणितात त्याचा हात धरणारं कोणी नाही. २२ च्या आतल्या वर्षाला अर्ध्या आठवड्याचा पगार, २२ ते ४० मधल्या वर्षाला एका आठवड्याचा, ४१ पासून पुढे दीड आठवड्याचा. नोकरी किमान २ वर्षांची हवी, आणि जास्तीत जास्त २० वर्षं धरतात. वर्षं शेवटापासून मागे मोजायची असतात आणि कागदावर हिशोब करणारे बहुतेक तिथेच चुकतात. इथे ती भीती नाही.

घोळ होतो तो पगाराच्या रकान्यात. तुमचे तास मध्येच कमी झाले होते का, हे कॅल्क्युलेटर विचारतच नाही आणि खरा फरक तर तिथेच पडतो. कायदा शेवटचा पगार धरतो, सगळ्या वर्षांची सरासरी नाही. वय ४५, नोकरी १२ वर्षं, तासाला १५ पौंड असं धरा. होतात १४ आठवडे. आठवड्याला ४० तास असतील तर ८,४०० पौंड. नोटिशीआधी संमतीने २४ तासांवर आला असाल तर ५,०४०. आधीची अकरा वर्षं पूर्णवेळ राबलात, तरी ती सगळी २४ तासांच्या भावाने मोजली जातात. हे अन्यायाचं वाटतं, आम्हालाही वाटतं. पण १९९९ साली मिडलंड बँकेविरुद्धच्या खटल्यात, बाळंतपणानंतर अर्धवेळ झालेल्या कर्मचारी बाईंची हीच तक्रार हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) फेटाळली. बँकेच्या स्वतःच्या योजनेतही रक्कम शेवटच्या पगारावरच ठरत होती.

म्हणून तास कमी करण्याच्या कागदावर सही करण्याआधीच मालकाकडून लेखी घ्या, की अमुक महिन्यांत रिडन्डन्सी आली तर जुन्या तासांवर हिशोब होईल. नुसता ‘तात्पुरते’ हा शब्द पुरत नाही.

संमती न देता तास कापले असतील तर गोष्ट वेगळी. करारातले तास बदललेले नसतात, त्यामुळे रकान्यात करारातला पगार भरायचा, पगारपत्रकावरचा घटलेला आकडा नव्हे. मात्र लगेच लेखी हरकत घ्या. महिनोन्‌महिने गप्प राहून काम केलं तर तीच संमती समजली जाऊ शकते. पगार दर आठवड्याला बदलत असेल तर नोटीस मिळण्याआधीच्या १२ आठवड्यांची सरासरी काढा. काहीच पगार नसलेला आठवडा सोडून त्याच्या मागचा घ्यायचा. ऐच्छिक ओव्हरटाइम यात धरू नका.

मोठ्या पगारवाल्यांना हा फटका कधीकधी बसतच नाही. कायदा आठवड्याचा पगार एका कमाल मर्यादेपर्यंतच धरतो. ६ एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षासाठी ती ७१९ पौंड होती. त्या वर्षी १,१०० वरून ८८० वर आलात तरी दोन्ही वेळा ७१९ च धरले जात. (उत्तर आयर्लंडची मर्यादा वेगळी, तिथल्यांनी हा आकडा वापरू नये.)

कॅल्क्युलेटरची आमच्या मते सगळ्यात मोठी उणीव म्हणजे काम थोडंच उरलं असताना राजीनामा देऊनही रिडन्डन्सीचे पैसे मागता येतात, याचा त्यात मागमूस नाही. पगार अर्ध्या आठवड्याच्या पगाराहूनही कमी झाला आणि असं सलग ४ आठवडे, किंवा १३ आठवड्यांत मिळून ६ आठवडे चाललं, तर हा मार्ग खुला होतो. शेवटच्या अशा आठवड्यापासून ४ आठवड्यांच्या आत मालकाला लेखी कळवायचं. लवकरच पूर्ण काम मिळेल असं म्हणून दावा नाकारायचा असेल, तर त्याने ७ दिवसांत तसं लेखी द्यावं लागतं. राजीनामाही स्वतंत्र द्यावा लागतो. लोक तो विसरतात आणि दावा अडकतो.

आमचे पाचपैकी चार गुण. आकडा काढा, त्याची प्रत ठेवा, मालकाच्या आकड्याशी ताडून पाहा. तफावत असेल तर आधी अ‍ॅकासच्या (नोकरीविषयक वादांत सल्ला देणारी सार्वजनिक संस्था) मोफत हेल्पलाइनला विचारा. या पैशांसाठी रोजगार न्यायाधिकरणाकडे जायला नोकरी संपल्यापासून सहा महिन्यांना एक दिवस कमी इतकीच मुदत असते.